बाल्कनीत रंग आला नाही

घर बघायला जाताना माझ्या पर्समध्ये तीन वस्तू असायच्या: काचेची गोटी, दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट आणि फिनॉल्फथॅलीनची ड्रॉपर लावलेली छोटी बाटली. गोटी जमिनीवर सोडली की लादीचा उतार कळतो. नट लोंबत धरला की भिंत सरळ आहे की नाही ते दिसतं. बाटलीतलं द्रावण पाण्यासारखं रंगहीन असतं. चांगल्या काँक्रीटवर थेंब टाकला की तो गुलाबी होतो. काँक्रीट म्हातारं झालं असेल तर रंग येत नाही, आणि मग आतल्या सळईला गंज धरायला वेळ लागत नाही.

ही शहाण्णव सालची गोष्ट. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि मी पावणे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करत होते. सिमेंट, वाळू, बांधकामाचं पाणी, असले नमुने आमच्याकडे यायचे. अब्बा कुवेतला फिटर होते. नव्वदच्या लढाईत सगळं टाकून आले, पण त्याआधी पाठवलेले पैसे बँकेत होते आणि ते घरासाठीच होते. नेरूळला आम्ही भाड्याने राहत होतो. दर अकरा महिन्यांनी मालक नवा करार करायचा आणि अम्मीची भांडी पुन्हा खोक्यात जायची की काय अशी भीती असायची.

दोन वर्षांत आम्ही तेरा घरं बघितली. नवी इमारत अब्बांना नको होती, बिल्डरवर त्यांचा विश्वास नव्हता. जुनं घर, वर्षानुवर्षं उभं राहून दाखवलेलं, असं त्यांचं म्हणणं. ते दाखवलेलं मी तपासायचे. वाशीच्या घराच्या भिंतीला लोणा लागला होता, खाराने पोपडे सुटत होते. कोपरखैरण्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली होती. एका ठिकाणी कपाट भिंतीला अगदी घट्ट लावलेलं दिसलं, म्हणून मी ते सरकवायला लावलं, तर मागे ओल. सुरुवातीला अब्बा सगळीकडे सांगायचे, ‘‘आमची नूरी बघेल, मग ठरवू.’’ दरम्यान भाव चढत गेले. तेराव्या घरानंतर अब्बांनी एजंटकडे जाणं बंद केलं.

आणि मार्चमध्ये झेबाने मला घर बघायला बोलावलं.

झेबा माझी चुलत बहीण, माझ्याहून सात महिन्यांनी मोठी. बारावीनंतर तिने शिक्षण सोडलं, मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. तिचा नवरा शादाब न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला. बेलापूर गावात सासरच्या दोन खोल्यांत सात माणसं होती, आणि जूनपर्यंत आठवं येणार होतं. ‘‘तू ये गं, आमाला काय कळतंय त्यातलं,’’ झेबा म्हणाली. मी विचारलं, किती घरं बघितलीस? ती म्हणाली, ‘‘हे दुसरं.’’

दुसरं. मी हा आकडा दिवसभर विसरू शकले नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो. सीबीडी बेलापूरमधली तीन मजली इमारत, त्र्याऐंशी साली बांधलेली. पहिला मजला. दार एका बाईंनी उघडलं. वेणूबाई त्यांचं नाव. यजमान धर्मराज इथेच एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि त्यांचा, असे दोनच फोटो. आता त्या परभणीला मुलीकडे जाणार होत्या.

‘‘बघ माय, कुठंबी बघ,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘मी कपाटंबी सरकवून ठेवलीत.’’

असं याआधी कोणी केलं नव्हतं.

मी गोटी सोडली. ती बाथरूमकडे गेली, जिकडे जायला हवी तिकडेच. नटाचा दोरा भिंतीपासून खाली-वर सारख्याच अंतरावर राहिला. चौकटीचे चारही कोपरे काटकोनात. स्वयंपाकघराच्या छतावर हातभर जागा नव्या डिस्टेंपरने रंगवलेली दिसली, ओल झाकल्यासारखी, तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. पण मी विचारायच्या आत वेणूबाईंनीच सांगितलं की वरच्यांचं बाथरूम गळत होतं, त्यांनी सगळं खणून नवा पाइप टाकला, त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. त्यांनी स्टूल ओढलं. मी चढून तळहात लावला. कोरडं होतं. बोटांनी ठोकलं. आवाज भरीव होता.

हे मी शोधत असलेलं घर होतं. दोन वर्षं मी कागदावर लिहून ठेवलं होतं की काय काय असावं, आणि ते सगळं इथे होतं. शिवाय ज्याचा कागदावर उल्लेख नव्हता तेही होतं: बाल्कनीतून पारसिकचा डोंगर दिसत होता आणि दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लावायची गरज नव्हती. अम्मी आमच्या स्वयंपाकघरात दिवसाही बल्ब लावून भाकऱ्या थापायची. झेबा ओट्यापाशी उभी राहून शादाबला सांगत होती की गॅस इथे, फ्रिज तिथे. तिने छताकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिला काहीच बघावं लागलं नव्हतं, आणि घर तिला मिळत होतं.

मी बाल्कनीत गेले. बीमच्या खालच्या कडेला वीतभर प्लास्टर निघालेलं होतं. वेणूबाई म्हणाल्या, नातवाच्या झोळीचा हूक होता तिथे, जावयाने उपटून काढला, त्याला सहा वर्षं झाली. आतलं काँक्रीट उघडं होतं, पण सळई कुठे दिसत नव्हती, गंजाचा डागही नव्हता.

मी बाटली काढली. शादाब आणि झेबा मागे येऊन उभे राहिले. मी उघड्या काँक्रीटवर चार थेंब टाकले.

ही चाचणी कशी करायची ते लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आधी काँक्रीटचा कोपरा फोडायचा आणि ताज्या फुटलेल्या भागावर लगेच थेंब टाकायचा. सहा वर्षं हवेत राहिलेल्या पृष्ठभागावर, ते जगातलं सर्वोत्तम काँक्रीट असलं तरी, रंग येणारच नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वरचा पापुद्रा निकामी करतो, आत दोन मिलिमीटरवर सगळं ठीक असू शकतं. हे मला माहीत होतं. थेंब टाकताना माहीत होतं.

‘‘रंग आला नाही,’’ मी म्हणाले.

‘‘म्हणजे?’’ शादाबने विचारलं.

मी सांगितलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. रंग नाही आला तर तिथे सळईला संरक्षण नसतं. सळई गंजली की फुगते, काँक्रीट फोडते, बाल्कनी खाली येऊ शकते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी प्रत्येक वाक्य तपासून बोलले होते. झेबाने कठड्यावरचा हात काढून घेतला आणि पोटावर ठेवला. वेणूबाई म्हणाल्या, ‘‘असं कसं गं माय, इथं आमचं वाळवण वाळायचं, दहा माणसं उभी राहायची.’’ मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

खाली रिक्षाजवळ झेबा म्हणाली, ‘‘वाचवलंस गं तू. नायतर गेलो असतो आमी.’’ शादाबने बाटली दोन दिवसांसाठी मागितली. त्याला आणखी एक घर बघायचं होतं आणि दर वेळी मला त्रास द्यायला नको असं तो म्हणाला. मी दिली. फोडायचं कसं, ते सांगितलं असतं तर मी आत्ता काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

त्या रात्री जेवताना मी अब्बांना म्हणाले की सीबीडीत एक घर आहे, झेबाच्या लोकांनी सोडलंय, रविवारी बघायला जाऊया. त्यांनी भाताचा घास तसाच हातात ठेवला आणि विचारलं, त्यांनी का सोडलं? मी म्हटलं, त्यांना बाल्कनी आवडली नाही. अब्बांनी अम्मीकडे बघितलं. अम्मीने विचारलं, स्वयंपाकघर कसंय? मी उजेडाबद्दल सांगितलं. किती तरी महिन्यांनी आमच्या घरात घराबद्दल कोणी तरी बोलत होतं.

शनिवारी साडेअकराला झेबाचा फोन लॅबमध्ये आला. ती हसत होती. सानपाड्यातलं घर मिळालं होतं, तळमजला, संध्याकाळी टोकन द्यायचं होतं. ‘‘आणि तुझी बाटली लय भारी हाय. सगळ्या भिंतींवर टाकली यांनी. सगळीकडे गुलाबी. लगेच.’’

मी विचारलं, भिंतींना काही काम केलंय का?

‘‘हो ना, सगळं प्लास्टर नवीन केलंय, चुना मारलाय. मालक चांगला हाय.’’

ताज्या प्लास्टरवर आणि ताज्या चुन्यावर फिनॉल्फथॅलीन गुलाबी होतंच. आत सडलेली वीट असली तरी होतं. तळमजल्याचं जुनं घर विकायच्या आधी कोणी सगळ्या भिंती नव्याने का लिंपतो, ते मी तेरा घरांत शिकले होते. झेबाच्या हातात मी चाचणीच्या नावाखाली एक चूक दिली होती, आणि तिने ती माझ्यापेक्षा मनापासून वापरली होती.

‘‘टोकन देऊ नका,’’ मी म्हणाले. ‘‘मी येते.’’

अर्धी सुट्टी टाकून मी बेलापूर गावात गेले. घरात बोलायला जागा नव्हती, म्हणून झेबाला जिन्यात घेऊन बसले. चाचणी कशी करायची ते सांगितलं. सानपाड्याच्या भिंती का गुलाबी झाल्या ते सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्येच म्हणाली, ‘‘मग बाल्कनीत तू फोडलं नव्हतंस.’’

‘‘नाही.’’

‘‘विसरलीस?’’

खालून कोणी तरी बादली घेऊन वर येत होतं. आम्ही दोघींनी भिंतीला सरकून वाट दिली.

‘‘नाही विसरले,’’ मी म्हणाले. ‘‘मला ते घर हवं होतं. तुला मिळू नये असं वाटलं.’’

झेबाने खूप वेळ पायातल्या चपलेचा अंगठा मागे-पुढे केला. मग म्हणाली, ‘‘लहानपणी तुझं पुस्तक फाटलं की तू माझं लपवायचीस. माझी अम्मी म्हणायची, नूरी हुशार हाय, तिला समजून घे.’’ उठताना म्हणाली, ‘‘उद्या सकाळी तिकडे यायचं. आणि त्या बाईंना तूच सांगायचं.’’

अब्बांना मी संध्याकाळी सांगितलं, सगळं, जिन्यात सांगितलं तसंच. रविवारसाठी त्यांनी सफारी सूट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ‘‘त्या तेरापैकी किती घरं खरोखर वाईट होती?’’

एकेक घर डोळ्यांसमोर आणलं. लोणा लागलेलं, तिरक्या चिरेचं, कपाटामागच्या ओलीचं, गंजलेली सळई उघडी पडलेली दोन. बाकीच्यांत काय होतं? लादी हलणारी. चौकट वाकडी. शेजारी कोंबड्या. दुरुस्त होण्यासारखं सगळं.

‘‘पाच,’’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, उठले आणि पलंगाखालून कुवेतहून आणलेली पेटी ओढली. त्यातली हातोडी आणि छिन्नी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, लॅबची हातोडी हलकी असते, काँक्रीटला ही लागेल. सफारी त्यांनी पुन्हा कपाटात लावला.

रविवारी दहा वाजता झेबा, शादाब आणि मी वेणूबाईंकडे गेलो. दारातच मी सांगितलं की परवाची चाचणी मी चुकीची केली होती, मुद्दाम केली होती. त्यांना ‘मुद्दाम’ कळलं की नाही कोण जाणे, कारण त्या म्हणाल्या, ‘‘मला रात्रभर झोप न्हाई. म्हटलं यांनी सोसायटीचे सेक्रेटरी असताना बांधकामावर लक्ष ठेवलं, अन् बाल्कनीच कच्ची निघाली?’’ त्यांनी शेजाऱ्याची शिडी आणून ठेवली.

मी बीमच्या कडेला छिन्नी लावली. अब्बांची हातोडी जड होती, तिसऱ्या घावात बोटाएवढा तुकडा निघाला. ताज्या भागावरची धूळ फुंकून काढली आणि थेंब टाकला. तो जवळजवळ लगेच गडद गुलाबी झाला, बाहेरच्या तीन मिलिमीटरची कड सोडून. मी पट्टीने मोजलं. शादाबला शिडीवर बोलावून दाखवलं. तेरा वर्षांत तीन मिलिमीटर, म्हणजे फार चांगलं. उघड्या जागेवर पावसाआधी प्लास्टर करून घ्या, एवढंच काम. हे सगळं मी मोठ्याने, स्पष्ट सांगितलं.

वेणूबाई पदराने हात पुसत खाली उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झेबाकडे. परवा झेबा आणि शादाब खाली उतरल्यावर मी दारात थांबून त्यांना विचारलं होतं की माझ्या अब्बांना घेऊन येऊ का, ते त्यांच्या लक्षात होतं.

‘‘मग घेणार कोण?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तू का ही?’’

मी शिडीवरून उतरत होते. माझं उत्तर तयार होतं, रात्रभर घोकलेलं, आणि ते चांगलं उत्तर होतं. झेबा जरा थांबेल, माझ्याकडे बघेल, मग मी तिला घर देईन, असं मी धरून चालले होते.

‘‘आमी,’’ झेबा म्हणाली. माझा पाय अजून दुसऱ्या पायरीवर होता. ‘‘आमीच घेणार. आजच काय ते ठरवा.’’

ती आत गेलीसुद्धा, ओट्यापाशी. मला इतका राग आला की क्षणभर शिडी धरून उभी राहिले. मग हातोडी पिशवीत घातली, खाली पडलेल्या काँक्रीटच्या कपच्या गोळा केल्या आणि वेणूबाईंना विचारलं की केर कुठे टाकायचा.