लोटननानांचा आवाज माझ्याजवळ आहे

मी एक रेकॉर्डर बोलतोय. तळहातात मावेल एवढा, काळा, एका बाजूने खरचटलेला. तसं माझं काम ऐकण्याचं. पण एक गोष्ट नुसती पोटात ठेवून बसणं मला जमेना, म्हणून आज तोंड उघडलंय.

जळगावच्या एका दुकानातून मला पुनीतने आणलं, कॉलेजातली लेक्चरं टिपायला. दोन-चारदा वापरलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. जुने चार्जर, बिनकुलपाच्या चाव्या आणि मी. तिथून मला बाहेर काढलं त्याच्या बहिणीने, हिनाने. हिना दुसऱ्यांची पुस्तकं लिहिते. म्हणजे आयुष्य त्यांचं, लिहिणार हिना आणि मुखपृष्ठावर नाव त्यांचंच.

एकदा तिच्याकडे किरण आली. पाइपच्या कारखान्यात ऑफिसला असणारी मुलगी. तिचे वडील, लोटननाना, जळगावजवळ, धुळ्याच्या वाटेवरच्या खेड्यात विहिरी खोदायचे. अशाच एका विहिरीची बाजू ढासळली आणि नाना तळाशी गाडले गेले. दुसऱ्या दिवशी जिवंत निघाले.

"पण नाना त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत," किरण म्हणाली. "कुणी विषय काढला की उठून गोठ्यात जातात. ताई, ते पुस्तकात आलं तर त्यांचं मन मोकळं होईल."

आम्ही गेलो. हिनाने मला बाजेवर नानांच्या गुडघ्याजवळ ठेवलं. नानांनी माझ्याकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं. त्या दिवशी मी टिपलं ते शेळीचं ओरडणं, कपबशांचा आवाज आणि नानांचं खाकरणं. हिनाने घाई केली नाही. ती पुन्हा गेली, परत गेली. एका दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता नाना थोडं बोलले. छातीपर्यंत चिखल. डोक्यावर तिरका अडकलेला खडक, त्याच्याखाली श्वासापुरती जागा. मग जेसीबीने शेजारून खड्डा घेतला आणि माणसांनी त्यांना ओढून काढलं. एवढंच.

हिनाने त्यावर पहिलं प्रकरण लिहिलं. मृत्यूशी झुंज, पोलादी मन, असे शब्द होते त्यात. तिने ते वाचून दाखवलं. नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हाऊ मानूस मी नही शे, बेटा."

हिना गोंधळली. "मग तुम्ही कसे होतात, नाना?"

नानांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले.

"माले जपनं व्हतं," नाना म्हणाले. आमच्याकडे झोपण्याला जपणं म्हणतात. "चिखल गार व्हता. डोया मिटाले की बरं वाटे. मी जपतू तं संपनू व्हतू. पन पितांबर जपू दे नही. वरतीन बोंबले, लोट्या, जपू नको! तुन्ही पोरना लगनमा कोन नाची रे? शिव्या दे. गाना म्हने. त्याना आवाज व्हता, म्हनीसन मी जिवत शे."

पितांबर म्हणजे विहिरीवरची क्रेन चालवणारा, नानांचा लहानपणापासूनचा मित्र. हिनाने विचारलं, "हे त्यांना सांगितलंत कधी?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. किरणने खालच्या आवाजात सांगितलं, "काका तेव्हापासून आमच्या घरी आलेच नाहीत. क्रेनही सोडली. नाना दोनदा त्यांच्या दारी गेले, तर काका मागच्या दाराने निघून गेले."

आता नाना गप्प का राहत ते मला कळलं. विहीर आठवली की मित्र आठवायचा.

पितांबर नशिराबादला रिक्षा चालवतात. हिना मला घेऊन स्टँडवर गेली. पुस्तकाचं नाव काढताच त्यांनी चेहरा फिरवला.

"जेसीबीवाल्याकडे जा, ताई. खरं काम त्याचं. गावाने त्याला शाल दिली ती बरोबर दिली. माझी क्रेन मातीखाली, दोर मातीखाली. लोकं हाताने माती उपसत होती, मला पुढे जाऊ देईनात, म्हणे कड अजून ढासळेल. मी काय केलं? काठावर उभा राहून नुसता ओरडलो. मित्र खाली मरतोय आणि मी ओरडतोय. कोणत्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?"

हिनाने मला पिशवीतून काढलं. नानांची परवानगी तिने आधीच घेतली होती. तिने मला सीटवर ठेवलं आणि बटण दाबलं.

मी आजवर खूप आवाज ऐकवले, पण असा जपून कधी ऐकवला नव्हता. जराही खरखर होऊ दिली नाही. "त्याना आवाज व्हता, म्हनीसन मी जिवत शे," हे शब्द निघाले आणि पितांबरकाकांनी हँडल घट्ट धरलं. गिऱ्हाईक आलं, "चलता का?" म्हणालं. त्यांना ऐकूच गेलं नाही.

"परत लाव," ते म्हणाले. मी परत ऐकवलं.

मग त्यांनी तोंडावरून गमछा फिरवला. "बस, ताई. तुला सोडतो."

"जळगावला?"

"नाही. लोट्याकडे."

वाटेत त्यांनी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. अंगणात रिक्षा थांबली तेव्हा नाना बैलाला पाणी पाजत होते. बादली तशीच ठेवून ते आले. दोघे समोरासमोर उभे राहिले. नाना म्हणाले, "आते येस का, भाड्या?" आणि दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडले. मी सुरूच होतो. हिनाने हात पुढे केला आणि मला बंद केलं. बरं केलं. सगळंच टिपायचं नसतं.

पुस्तकातलं पुढचं सगळं त्या दोघांनी मिळून सांगितलं. एकमेकांना अडवत, भांडत. हिनाने आपले जड शब्द काढून टाकले. विहिरीतलं बोलणं तिने अहिराणीतच ठेवलं. प्रकाशन गावच्या शाळेत झालं. नानांनी पहिली प्रत पितांबरकाकांच्या हातात दिली. हिना मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होती, मी तिच्या मांडीवर.

हिनाच्या वडिलांनी, झुंबरलालशेठनी, आपल्या दुकानात बसून ते वाचायला घेतलं. गिऱ्हाइकं ताटकळली. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "तू कुठे दिसत नाहीस यात."

"मग चांगलं जमलं, पप्पा," हिना हसली.

आता मी म्हातारा झालोय. बॅटरी लवकर उतरते, एक बटण दोनदा दाबावं लागतं. मोबाइलवरही आवाज टिपता येतो हे मला ठाऊक आहे, त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या जवळच्या कुणाच्या मनात काही अडलेलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा, शेंगा फोडा, घाई करू नका. आणि त्यांनी कुणाचं नाव घेतलं, तर ते त्या माणसापर्यंत नक्की पोचवा.

येतो मी. हिनाने पिशवी उचललीय. वरणगावला भागाबाई आमची वाट बघतायत. त्यांना काय सांगायचंय ते मला अजून माहीत नाही. नानांचा आवाज तेवढा ठेवून मी बाकी रिकामा होऊन निघालोय.