चष्मेवाल्याचा शिवलेला खिसा

समोरच्या माणसाच्या चष्म्यावर डाग दिसला की चष्मेवाल्यांचा हात थांबत नसे. माणूस ओळखीचा असो नसो, बोलत असो वा शिंकत असो, चष्मेवाले दोन बोटांनी त्याच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलत, सदऱ्याच्या खिशातून पिवळं फडकं काढत, "हं, बोला, ऐकतोय मी," असं म्हणत काचा पुसत आणि चष्मा जिथल्या तिथे बसवून देत. हे सगळं इतक्या झटपट की निम्म्या लोकांना वाटे, आपलीच नजर एकाएकी सुधारली. एकदा भर कोर्टात साक्ष देता देता त्यांनी न्यायाधीशांचा चष्मा पुसला होता. न्यायाधीशांनी म्हणे समोर नीट पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा, आरोपी हा होय!" आता यात खरं किती, ते न्यायाधीशांनाच विचारायला हवं.

अशा माणसाच्या पोटी जी मुलगी आली, तिला गल्लीने ढापणी म्हणावं यात नवल नाही. चौथ्या वर्षी तिला पहिला चष्मा लागला, आणि मग नंबर असा वाढत गेला जसा भिंतीवरचा वेल. एकोणिसाव्या वर्षी तो उणे पावणेसहावर येऊन एकदाचा ठरला. काचांच्या कडा एवढ्या जाड की तिचे टपोरे डोळे त्यामागे मोहरीएवढे दिसत. सगळे चष्मे बापाने स्वतःच्या हातांनी घासून बसवलेले. प्रत्येक जुना चष्मा त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. इतर बाप पोरांचे फोटो ठेवतात, तसे.

आणि या ढापणीच्या डोक्यात काय शिरावं? लढाऊ विमान!

"अगं, तुला जिन्याची पायरी दिसत नाही," आई म्हणाली. आई शाळेची दप्तरं शिवायची. तिचं बोलणं तिच्या टाक्यासारखंच, सरळ आणि घट्ट.

"विमानाला पायऱ्या नसतात, आई."

"चढायला असतात की!"

शेवटी ढापणीने डोळ्यांना लेसर करून घेतला. दोन डोळ्यांची मिळून पंधरा मिनिटं. चष्मेवाले तीन दिवस सुतकी चेहऱ्याने दुकानात बसले. आचाऱ्याच्या घरची पोरं हॉटेलात जेवायला लागली तर लोकांनी काय समजायचं? चौथ्या दिवशी लेक दुकानाच्या दारात आली, बापाकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहत राहिली आणि एकदम खो खो हसत सुटली.

"बाबा, तुमच्या कानात किती केस आहेत!"

मग ती रस्त्यावर धावली. किल्लीवाल्याच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचली, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मोज्यांची भोकं मोजली, वरून विमान चाललं होतं त्याच्या पोटावरचा नंबर मोठ्याने वाचला. किल्लीवाला म्हणतो, तिने वैमानिकाची मिशीसुद्धा सांगितली. चष्मेवाल्यांनी कान झाकले, पण राग मात्र त्याच क्षणी वितळला. एवढी आनंदाने वेडी झालेली पोर त्यांनी आजवर पाहिली नव्हती. आकाश गाठायचं तर गाठू दे, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

पण आकाशाआधी एक दार होतं. लेसर केलेल्या उमेदवाराला वायुदलात वैमानिक व्हायचं तर वैद्यकीय बोर्डाची खास सूट लागते. आधीचा नंबर सहाच्या आत हवा, तो ठरलेला हवा, ऑपरेशनला वर्ष उलटलेलं हवं आणि बुबुळाच्या पडद्यावर कसलाही व्रण किंवा धूसरपणा नको. अर्ज आयुष्यात एकदाच करता येतो. नाकारला की कायमचा. ढापणीने वर्षभर डोळ्यांत तेल घालून डोळे जपले. आईने तिला कांदासुद्धा चिरू दिला नाही.

बोर्डाचं पत्र आलं त्या संध्याकाळी लेकीने बापाला समोर बसवलं.

"बाबा, तुम्ही सोबत या. पण एक वचन द्या. तिथे कुणाच्याही चष्म्याला हात लावायचा नाही."

"छे छे! मी काय वेडा आहे?"

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईने दप्तराची सुई आणि मेणाचा दोरा काढला आणि फडक्यासकट सदऱ्याचा खिसा दुहेरी टाक्यांनी शिवून टाकला.

"अगं, फडकं आत राहिलं!"

"राहू दे. सोबत असलं की जीव शांत राहतो. हाती लागलं नाही म्हणजे झालं. आणि सदऱ्याच्या टोकाने पुसाल तर..."

"सदऱ्याच्या टोकाने?" चष्मेवाले शहारले. "त्यापेक्षा विटेने घासेन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बापलेक बोर्डाच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बसली. चष्मेवाल्यांच्या मांडीवर तो बिस्किटांचा डबा.

"कशाला आणलात? नंबराचे कागद आहेत ना माझ्याकडे!"

"कागदाला शाई लागते. काचेला मेहनत लागते," चष्मेवाले म्हणाले.

दारावर एक भरघोस मिशांचा अर्दली उभा होता. त्याने आवाज खाली घेऊन सांगितलं, "आत जे मोठे डॉक्टर आहेत ना, त्यांना आम्ही नाहीसाहेब म्हणतो. बाकीच्यांना धाकटे डॉक्टर तपासतात, पण लेसरवाला आला की हे स्वतः. सहा महिन्यांत एकाला हो म्हटलं असेल तर माझी मिशी काढा."

तेवढ्यात नाहीसाहेब आलेच. उंच, इस्त्रीचे, पाठीचा कणा फुटपट्टीसारखा. पण चष्मेवाल्यांना ना उंची दिसली ना इस्त्री. त्यांना दिसला फक्त चष्मा. पाण्यात दूध सांडावं तशा काचा! त्यांचा उजवा हात आपसूक उठला. डाव्या हाताने त्यांनी तो धरला, दोन्ही हात डब्यावर दाबले आणि डोळे मिटून पाढे म्हणायला सुरुवात केली. नाहीसाहेब पुढून निघून गेले तेव्हा एकोणतीसचा पाढा चालू होता.

"शाब्बास, बाबा," लेक म्हणाली आणि आत गेली.

आत तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली. मग त्याच्याही खाली छापखान्याचा पत्ता होता, तो वाचला. धाकटे डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेले, वाकून पत्ता तपासला आणि "बरोबर आहे हो!" म्हणाले. मग नाहीसाहेबांनी तिची हनुवटी यंत्राच्या कडीवर टेकवली, दिव्याची बारीक फट तिच्या डोळ्यावर सोडली आणि भिंगातून पाहिलं. त्या यंत्रात बघणाऱ्याच्या नंबराप्रमाणे भिंग फिरवायची सोय असते, पण ती चकती कधीचीच जाम झाली होती, त्यामुळे साहेब आपला चष्मा लावूनच बघत. त्यांनी उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, सुस्कारा सोडला.

"धूसर आहे. दोन्ही. वाईट वाटतं मुली, पण लेसरचं हे असंच."

पाच मिनिटांनी ती बाहेर आली. "बाबा, नाही म्हणाले. धूसर आहे म्हणे. चहानंतर शिक्का मारणार."

वर्षभर ज्या डोळ्यांना त्यांनी धुळीचा कणही लागू दिला नव्हता, ते धूसर? त्यांनी लेकीला खिडकीशी नेलं, तिची हनुवटी उजेडाकडे केली आणि पंचवीस वर्षं काचा पारखणाऱ्या नजरेने पाहिलं. ओरखडा नाही, डाग नाही. आरपार.

"ढापणे, यात काही नाही."

"मला माहीत आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. "मला कुठेच धूसर दिसत नाही. उलट तो दिवा पेटला तेव्हा मला त्यांच्याच चष्म्यावर... कोळ्याचं जाळं असावं तसं दिसलं. बारीक बारीक तडे. पण उमेदवाराने असं बोलायचं कसं?"

त्याच वेळी दार उघडलं. नाहीसाहेब चहाला निघाले होते. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, त्या शिवलेल्या खिशाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "पुसा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना हे सांगत होतं! चर्रर्र! दप्तराचा दोरा तुटला नाही, आईचं काम ते, पण खिसाच छातीवरच्या कापडासकट फाटून हातात आला. पुढच्या श्वासाला नाहीसाहेबांचा चष्मा त्यांच्या नाकावर नव्हता.

"हं, बोला साहेब, ऐकतोय मी."

"अहो! कोण तुम्ही? काय चाललंय हे?" साहेब आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखे हात फिरवू लागले. "अर्दली!"

अर्दली धावला, पण फाटक्या सदऱ्यातून अर्धी छाती उघडी पडलेल्या त्या माणसाच्या तोंडावरची एकाग्रता पाहून जागीच थांबला. चष्मेवाल्यांनी एकदा पुसलं, हुंकार दिला, दुसऱ्यांदा पुसलं. काच उजेडापुढे धरली.

"साहेब, हे पुसून जायचं नाही. हा मळ नाही, वरचा थर तडकलाय. काच भाजलीय तुम्ही. कुठे तापवता चष्मा?"

अर्दलीच अभिमानाने म्हणाला, "साहेब फार स्वच्छतेचे. हत्यारांबरोबर चष्मापण उकळतात. दर सोमवारी, दहा मिनिटं."

"उकळतात!" चष्मेवाले मटकन बाकावर बसले. कुणी तान्हं मूल उकळलं असं ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "कधीपासून?"

"सहा महिने झाले असतील."

सहा महिने हा आकडा तिथल्या चौघांच्याही डोक्यात एकदमच जाऊन बसला.

"मूर्खपणा!" नाहीसाहेब गरजले, पण गर्जनेला धार नव्हती. "मला स्वच्छ दिसतं. तू इकडे ये रे!" त्यांनी चष्मा हिसकून घेतला, अर्दलीला आत ओढला आणि त्याची हनुवटी यंत्राच्या कडीवर ठेवली. "तुला कधी लेसर केलाय?"

"नाही साहेब. डोळ्यात साधं औषधसुद्धा कधी घातलं नाही."

साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "धूसर आहे."

"साहेब, मी आंधळा होणार?"

"गप्प बस. माझ्याकडे दुसरा चष्मा नाही. नवा करून घ्यायचा तर उद्यावर जाईल, आणि हिची तारीख आजची आहे."

चष्मेवाल्यांनी साहेबांचा चष्मा पुन्हा काढून घेतला, यावेळी कुणी हरकत घेतली नाही. हातभर लांब धरून त्यांनी तो खिडकीच्या गजासमोर डावीउजवीकडे हलवला, गज काचेत कसा सरकतो ते पाहिलं. "दोन्ही उणे सव्वादोन," ते म्हणाले, आणि बिस्किटांचा डबा उघडला. आत अकरा चष्मे, आकाराने चढत्या क्रमाने. त्यांचा हात तिसऱ्यावर थांबला.

"सहा वर्षांची होती तेव्हाचा. उणे सव्वादोन, दोन्ही. काच अगदी ताजी आहे."

चष्मा गुलाबी होता. दोन्ही दांड्यांवर एकेक पिवळं बदक.

ढापणीने तोंडावर हात दाबला. साहेबांनी बदकांकडे पाहिलं. बदकांनी साहेबांकडे पाहिलं. शेवटी त्यांनी तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर बसवला. दांड्या कानापर्यंत पोचेनात, तेव्हा अर्दलीने मागून दोन्ही बदकं चिमटीत धरून ठेवली. आणि अशा थाटात, पाठीचा कणा तेवढाच ताठ ठेवून, नाहीसाहेब यंत्रावर वाकले.

आधी उजवा डोळा. मग डावा. मग पुन्हा उजवा. अर्दलीच्या मिशा हसू दाबून दाबून थरथरत होत्या आणि त्याबरोबर साहेबांच्या कानावरची बदकंही.

"हलवू नकोस!" साहेब म्हणाले. मग मान वर करून, एकेक शब्द चावत, "आरपार आहे. काचेसारखा."

"काचेपेक्षा," चष्मेवाले पुटपुटले, आणि आपण काय बोलून बसलो म्हणून स्वतःच दचकले.

साहेबांनी सूट देणारा कागद पुढे ओढला. सही करायलाही तोच चष्मा लागला. मग ते कपाटाकडे वळले. त्यात सहा महिन्यांचे नाकारलेले अर्ज होते. "अर्दली, सगळे बाहेर काढ. प्रत्येकाला परत बोलाव. चूक मुलांची नव्हती, त्यांना पुन्हा अर्ज करायला लावायचं नाही." आणि चष्मेवाल्यांकडे वळून, थोडे घुटमळून म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत बसलो होतो. हा चष्मा... नवीन होईपर्यंत मला वापरायला मिळेल?"

"खुशाल ठेवा साहेब. फक्त उकळू नका."

घरी आईने फाटलेला सदरा पाहिला, कागदावरची सही पाहिली आणि म्हणाली, "टाका उसवला?"

"नाही. कापड फाटलं."

"मग ठीक आहे," म्हणून तिने लेकीला मिठी मारली आणि आधी रडली, मग इतकी हसली की शेजारचे दार वाजवायला आले.

दोन वर्षांनी एका दुपारी दुकानात फोन वाजला. पलीकडे वाऱ्याचा आवाज आणि ढापणीचा हसू आवरणारा गळा.

"बाबा, आज एकटीने उडवलं! पण खाली उतरल्यावर आमचे शिक्षक माझ्यावर ओरडले."

"का गं? उतरताना आदळलीस?"

"नाही हो, उतरणं फुलासारखं झालं. ते मला उड्डाणातल्या चुका सांगत होते, आणि त्यांच्या काळ्या चष्म्यावर अंगठ्याचा एवढा मोठा ठसा होता..." ती थांबली. "बाबा, मला कळलंच नाही माझा हात कधी गेला."

चष्मेवाल्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. "कशाने पुसलास?" त्यांनी कडक आवाजात विचारलं. "बाहीने?"

"बाबा!" ढापणी शहारली. "खिशात तुमचं पिवळं फडकं असतं माझ्या!"