हरकत नसल्यास

वृंदाचा जेवताना न बोलण्याचा नेम होता. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात सासूबाईंनी तो दिला आणि चातुर्मास संपला तरी तिनं तो सोडला नाही. पहिला घास तोंडात गेला की आचवेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, मानेनं खूणसुद्धा नाही. चुकून बोललंच, तर पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईतो अन्नाला शिवायचं नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये हा नेम इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता.

बिनबोभाट म्हणजे तिच्या बाजूनं. तिच्या नवऱ्यानं, जयदीपनं, त्याचा पार खेळ करून टाकला होता. रविवारी सगळे जेवायला बसले की तो लोकसभेच्या अध्यक्षांसारखा घसा खाकरायचा.

"माननीय सदस्य ध्यान दें! नवा टीव्ही घेण्याचा प्रस्ताव सभागृहासमोर आहे. जो विपक्ष में हों, वे ना कहें."

मग कानामागे हात. वृंदा डोळे वटारून भात कालवत राहायची.

"कोई नहीं? प्रस्ताव स्वीकृत हुआ!" आणि आमटीच्या पळीनं टेबलावर ठोका. सासरे अण्णासाहेब ठसका लागेपर्यंत हसायचे, धाकटा दीर हरीश बाकं वाजवल्यासारखं टेबल बडवायचा. असाच टीव्ही आला, अशीच हरिद्वारची सहल ठरली. अर्थात आचवून झालं की वृंदा पदराला हात पुसत "नामंजूर!" म्हणायची आणि निम्मे ठराव तिथेच पडायचे. हा खेळाचा दुसरा अर्धा भाग होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावता लावता जयदीप खाली बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून वृंदाचं सगळं जिथल्या तिथं होतं. पहाटे आंघोळ, देवांना अष्टगंध, तुळशीला पाणी, अण्णांचा नाश्ता, मग मेट्रो, ऑफिस, परत घर. फक्त वरणात मीठ पडलंय की नाही हे तिला कळत नसे. अण्णा पानातलं मीठ हळूच वरणात कालवायचे. देवापुढे ती हात जोडून उभी राही. पण मागायचं असं काही सुचत नसे, आणि रडूही येत नसे. कानात कापसाचे बोळे घालून वावरावं तसं चाललं होतं. दार, फोन, माणसं, सगळं जरा लांबून यायचं.

त्यातच अण्णा एका दुपारी दार उघडं टाकून निघून गेले. जवळच्या मलाई मंदिराच्या पायऱ्यांवर अनवाणी बसलेले सापडले. तिथल्या फुलवाल्याला ते घराचा पत्ता सांगत होते. पण पत्ता होता साताऱ्याचा.

पुढच्या रविवारी हरीश आणि त्याची बायको शालिनी गुरुग्रामहून आले. पानं वाढली, वृंदानं चित्राहुती घातली, पहिला घास घेतला, आणि हरीशनं विषय काढला.

"वहिनी, फरीदाबादला एक जागा बघितली आम्ही. ज्येष्ठांसाठीच आहे. नर्स आहे, बाग आहे, सगळं एकदम बढिया. तुम्ही दिवसभर ऑफिसात, आम्ही दोघं ऑफिसात. अण्णांना एकटं ठेवणं आता बरोबर नाही."

"आमच्याकडे नेलं असतं हो," शालिनी म्हणाली, "पण तेविसाव्या मजल्यावर त्यांना चक्कर येते."

"चक्कर नाही गं," अण्णा म्हणाले. "तिथं देव फार जवळ वाटतो. हाक मारली तर लगेच यायचा!"

शालिनी हसली. हरीश हसला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. मलाई मंदिराच्या पायऱ्यांवर त्यानंच अण्णांचे पाय आपल्या रुमालानं पुसले होते.

"तुमची काही हरकत नाही ना, वहिनी?"

वृंदा जेवत होती. हरीश क्षणभर थांबला, तिच्याकडे बघत. पूर्वी याच जागी पळीचा ठोका पडायचा. आता पंख्याचा आवाज तेवढा होता.

"मग ठरलं," तो हळू म्हणाला. "पुढच्या रविवारी."

वृंदानं आचवलं. सगळे तिच्याकडे बघत होते, निदान अण्णा तरी बघत होते. तिनं हात पुसले, ताटं उचलली आणि बेसिनचा नळ सोडला. "नामंजूर" हा शब्द कुठेतरी होता, पण तो उचलायला हात पुढे जात नव्हता. अण्णाच काहीतरी म्हणतील, असं तिला वाटलं. नाहीतर हरीशलाच रात्री झोप येणार नाही. कुणीतरी म्हणेलच.

सोमवारी ती समाजकल्याण मंत्रालयातल्या आपल्या ऑफिसात गेली. त्या आठवड्यात तिच्या विभागाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आग्नेय आशियातल्या देशांचे समाजकल्याणाचे अधिकारी दिल्लीला येणार होते आणि वृद्धांच्या देखभालीवर एक संयुक्त निवेदन काढायचं होतं. मसुदा कित्येक आठवडे थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपिन्स असा सगळीकडे फिरत होता. या देशांच्या कामात मतदान नसतं. हात वर करून कुणाला हरवायचं नाही, सगळ्यांना पटेल तेच लिहायचं. म्हणून मसुद्यासोबत एक ओळ जाते: अमुक वेळेपर्यंत हरकत न आल्यास मजकूर मान्य समजला जाईल. ती ओळ वृंदानं इतक्यांदा टाइप केली होती की बोटंच ती लिहायची.

बैठकीच्या आदल्या दिवशी, मुदत संपायला थोडाच वेळ उरला असताना, बँकॉकहून मेल आली. 'वृद्धांसाठी निवासी संस्था वाढवणे' या कलमाला हरकत. त्याआधी घर आणि शेजार यांचा उल्लेख हवा.

तिचे वरिष्ठ, राघव सर, डोकं धरून बसले. "अरे यार, आखिरी घंटे में? तीन ड्राफ्ट तक चुप थे ये लोग! वृंदाजी, अब सबको फिर से भेजना पड़ेगा."

वृंदानं बदललेला मसुदा सगळ्यांना फिरून पाठवला. तासाभरात सगळीकडून होकार आले, जणू सगळे मेल लिहून तयारच बसले होते. कलम बदललं. आधी घर आणि शेजार, मग संस्था. आकाश कोसळलं नाही. राघव सरांनी चहा मागवला.

बैठकीत त्या मेलच्या बाई आल्या. सिरिपोर्न त्यांचं नाव. ठेंगण्या, केस पांढरे, खांद्यावर रेशमी ओढणीसारखं काहीतरी. दुपारच्या चहाला त्या वृंदाशेजारी उभ्या राहिल्या. वृंदानं इंग्रजीत, जपून, विचारलं, "मॅडम, आधीच्या मसुद्यांना तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात."

सिरिपोर्न बाई ओशाळल्या. "हो ना. मला वाटलं, दुसरं कुणीतरी लिहील. मग परवा संध्याकाळी मी व्हिएतनामच्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मलाही वाटत होतं तुम्ही लिहाल." त्यांनी बिस्किटाचा तुकडा मोडला. "सगळेच वाट बघत होतो. आणि कागदावर आम्ही सगळे 'हो' म्हणालो होतो."

वृंदानं मान हलवली. मग तिनं विचारलं, "शेजार म्हणजे नक्की काय लिहायचं होतं तुम्हाला?"

"माझ्या आईकडे दुपारी समोरचे आजोबा येतात. ते सत्तरीचे, आई नव्वदीची. तो त्यांचा स्वयंसेवेचा नेम आहे, गावात असे बरेच आहेत. औषध बघतात, गप्पा मारतात. आई म्हणते, हा माणूस फार बोलतो!" त्या हसल्या. "पण तो आला नाही तर आई जेवत नाही."

वृंदानं उरलेला चहा पिऊन टाकला. साखर किती होती ते तिला कळलं नाही. संध्याकाळी मेट्रोत उभी असताना मात्र तिला खालच्या मजल्यावरचे सूर्यकांतकाका आठवले. बायको गेल्यापासून दिवसभर जिन्यात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पत्ते खेळायला या म्हणायचे. सगळे त्यांना टाळत. तीही टाळायची. आठवण आली आणि गेली. घरी पोचून तिनं दिवा लावला.

बोलायला हवं, हे तिला गुरुवारी वाटलं. शुक्रवारी हरीशचा फोन आला, तेव्हा तो खोलीतल्या पलंगाबद्दल बोलत राहिला आणि ती "हो, हो" म्हणत राहिली. शनिवारी अण्णांनी आपली टोपी, चष्मा आणि जयदीपचा जुना स्वेटर पिशवीत घातला. थोड्या वेळानं काढला. पुन्हा घातला. ती दारात उभं राहून बघत होती. तिच्या आत काही हललं असेल, तर तिला ते कळलं नाही.

रविवारी वृंदानं पुरणपोळी केली. निघताना गोड खाऊन जावं म्हणून, असं शालिनीला वाटलं. खरं तर तिच्या हातांनी पुरण शिजवलं होतं, तिनं काही ठरवलं नव्हतं. नैवेद्य दाखवला. पानं वाढली. पिशवी दाराशी ठेवलेली होती. वृंदानं पहिला घास घेतला.

"अण्णा, नीट जेवा," हरीश म्हणाला. "चार वाजेपर्यंत पोचायचंय."

"कुठं?"

हरीशनं घास खाली ठेवला. "फरीदाबादला. बोललो होतो ना आपण? सगळ्यांचं ठरलंय."

"सगळ्यांचं?" अण्णांनी टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं, मोजल्यासारखं. त्यांची नजर जयदीपच्या खुर्चीवर जरा थांबली, मग वृंदावर आली. "आमच्या सूनबाईंचं पण?"

"वहिनींना मी विचारलं होतं. त्यांची काही हरकत नव्हती."

अण्णा विसरत होते. वार विसरत, औषध विसरत, साताऱ्याचं घर विकलं हे विसरत. पण त्यांनी आमटीची पळी उचलली आणि उभी धरली. "जेवताना विचारलंस की आचवल्यावर?"

हरीशनं वृंदाच्या पानाकडे पाहिलं.

"मग तो ठराव अर्धाच झालाय रे," अण्णा म्हणाले. "जो विपक्ष में हों..."

पुढचं त्यांना आठवेना. पळी तशीच वर राहिली. त्यांनी कानामागे हात नेला आणि वाट बघत राहिले.

वृंदाच्या तोंडात घास होता. आचवेपर्यंत थांबता येईल, तिला वाटलं. पान संपवू, हात धुऊ, मग बोलू. मग आठवलं, मागच्या रविवारीही आचवून झालं होतं, आणि तेव्हा नळ सोडला होता. तिनं घास गिळला.

"ना," ती म्हणाली.

आवाज बसका आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. शालिनीच्या हातातली वाटी पानावर टेकली.

"माझी हरकत आहे, हरीशभावजी. अण्णा कुठंही जाणार नाहीत."

"वहिनी, अहो, तुमचा नेम..."

"गेला आजचा," वृंदा म्हणाली आणि पानावरून उठली. अर्धी पुरणपोळी तशीच राहिली, तुपानं भिजलेली. "दुपारी सूर्यकांतकाकांना वर बोलावते. ते पत्ते खेळायला माणूस शोधतच असतात."

"आणि ते नाही म्हणाले तर?" हरीशच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "पुन्हा दार उघडं राहिलं तर, वहिनी?"

"मग तुम्ही मला पुन्हा विचारा. जेवण झाल्यावर विचारा."

हरीश पानाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शनिवारी मी येत जाईन. दिवसभर."

"तो सूर्यकांत लबाड आहे," अण्णा म्हणाले. "पत्ते लपवतो." आणि त्यांनी पळी टेबलावर ठोकली, फार जोरात नाही.

वृंदानं हात धुतले. दाराशी जाऊन पिशवी उचलली, स्वेटर काढून खुंटीला लावला. मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली. बाहेर शालिनी अण्णांना आणखी तूप वाढत होती. पुरणाचा, वेलदोड्याचा वास येत होता, आणि तिला भूक लागली होती. कित्येक महिन्यांनी अशी, पोटात आग पडावी तशी. उद्याची पूजा होईपर्यंत आता काही खायचं नव्हतं.

ती तशीच उभी राहिली, पोटावर हात ठेवून.