ढगांखालचं पाणी

आमच्या ऑफिसात ढगाला 'घाण' म्हणतात. उपग्रह वरून समुद्राचं तापमान मोजतो. मध्ये ढग आला की त्याला खालचं पाणी दिसत नाही. मग तो भाग पुसायचा आणि शेजारच्या उघड्या पाण्याचं तापमान तिथे भरायचं. याचं नाव साफसफाई. रोजचा नकाशा मी करते आणि खाली नावही माझंच जातं.

ही पद्धत विभागप्रमुखांची, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची. ऑफिसात मी त्याला अहो-जाहो करते आणि जिभेला लगाम घालते. घालत होते.

त्या आठवड्यात विषुववृत्ताजवळ ढगांची मोठी रांग ठाण मांडून बसली होती. तिच्याखाली आमचा नकाशा लालबुंद, म्हणजे पाणी तापलेलं. तिथे नांगरून ठेवलेला मोजणीचा बोया मात्र पाणी निवलंय म्हणत होता. म्हणणारच! पाणी तापतं, वाफ वर जाते, ढग होतात, ढग ऊन अडवतात, पाणी निवतं. शेंबड्या पोरालाही कळेल. आणि आम्ही सावली पुसून तिथे ऊन भरत होतो. मला स्वतःचीच चीड आली.

मी ती जागा पांढरी ठेवली आणि लिहिलं, 'वर ढग. एका ठिकाणी मोजलं, पाणी निवलंय. बाकी माहीत नाही.'

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हे भोक कसलं?"

"ढग आहेत, सर. बोया बघा."

"बिघडला असेल. भर ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पांढरा नकाशा बघून लोक हसतील."

"लाल बघून फसतील. पावसाचा अंदाज यावरच काढतात. मी नाही भरणार."

"मी सांगतोय ना!"

"लोकांना मामा बनवायचं असेल तर तू बनव, मामा. माझ्या नावावर नको."

दाराबाहेरची कुजबुज थांबली. मामाचे कान लाल झाले.

"फार झालं तुझं. नकाशा काढून घेतो तुझ्याकडून. जहाजावर जा आणि बस पाणी मोजत!"

मला बोट लागते, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. लहानपणी तळ्यातल्या होडीत मी त्याच्याच मांडीवर ओकले होते. तरी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

"जाते. पण ढगांखाली पाठव," मी म्हटलं. "उघड्या पाण्याचं तुला ठाऊकच आहे."