आधी कान, मग नाक

आमचे हे कान-नाक-घशाचे सर्जन. यांच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणायचे, आणि कुणी म्हणायचं राहिलं तर हे स्वतः म्हणायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांची नजर माझ्या नाकावर गेली. नाकाची आतली भिंत वाकडी होती, एका बाजूने श्वास धड येत नव्हता. बायकोचं नाक परक्याच्या हाती कशाला द्यायचं, म्हणून यांनी स्वतःच ऑपरेशन केलं. तेव्हाची पद्धत अशी की पेशंट जागाच, नाकात बधिर करणाऱ्या औषधाच्या पट्ट्या कोंबलेल्या, सर्जनच्या कपाळावर मधे भोक असलेला गोल आरसा. त्या आरशाच्या उजेडात भिंतीचं वाकडं हाड उचकटून काढायचं. आत काय चाललंय ते एकट्या सर्जनला दिसायचं. सिस्टरला सर्जनचं डोकं दिसायचं आणि मला छत. बाकी सगळा विश्वासाचा मामला.

श्वास मोकळा झाला, खोटं कशाला बोलू. पण जखम भरली तशी नाकातून शिट्टी वाजायला लागली. श्वास घेतला की बारीक, उंच शिट्टी. यांना सांगितलं. यांनी आरसा बांधला, आत डोकावले आणि ‘सुंदर’ म्हणाले. काही महिन्यांनी परत सांगितलं, परत सुंदर. त्यानंतर सांगितलं तेव्हा म्हणाले की नाक ठणठणीत आहे, शिट्टी माझ्या डोक्यात आहे.

मी शाळेत शिकवायचे. परीक्षेला वर्गात फेऱ्या मारायला लागले की कॉपी करणाऱ्यांना मान वर करायचीही गरज नसे. शिट्टी जवळ आली की चिठ्ठ्या गुडूप. पोरं मला ‘कुकर’ म्हणायची. शोकसभेत सगळे स्तब्ध उभे राहिले की माझं नाक एकटंच सुरू. लेक लहानपणी माझ्या कुशीत झोपायची, तीही लवकरच कंटाळून स्वतःच्या खोलीत गेली. दुसऱ्या डॉक्टरला दाखवते म्हटलं की यांचा चेहरा पडायचा. सर्जनची बायकोच दुसऱ्याच्या दारात गेली तर उद्या यांच्या दारात कोण येणार, असं विचारायचे. मी गप्प बसले. नाक काही गप्प बसलं नाही.

दरम्यान यांची विद्या कुठल्या कुठे गेली. नाकात घालायच्या बारीक दुर्बिणी आल्या, त्यांना कॅमेरे लागले, आणि आतलं सगळं पडद्यावर दिसायला लागलं. हत्यार डोळ्याच्या किती जवळ पोचलंय ते संगणक दाखवायला लागला. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या लेकरांच्या कानात यंत्र बसवून त्यांना ऐकू यायला लागलं. यांनी या सगळ्याला नाकं मुरडली. दुर्बिणीने ऑपरेशन करतात ते सगळे सिनेमावाले, यांच्या मते. हाताला अक्कल नसली की भिंतीवर पडदा लागतो, हे यांचं ठरलेलं वाक्य. मेडिकल कॉलेजातला यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आमच्या घरी जेवून-खाऊन मोठा झालेला, तोच ती विद्या शिकून आला तेव्हा यांनी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला. नंतर बोलायला लागले, पण नाव सिनेमावालाच ठेवलं. आता तो विभागप्रमुख आहे.

यांचा सत्कार त्यानेच ठरवला. सभागृह, मोठा पडदा, ‘आरशापासून दुर्बिणीपर्यंत’ असं त्याचं भाषण आणि शेवटी यांना मानपत्र. यांना भाषणाचं नावच झोंबलं. म्हणजे आम्ही काय अंधारात चाचपडत होतो? आठवडाभर घरात धुसफूस चालली होती, मग यांनी टूम काढली. भाषण झालं की दुर्बिणीने यांचंच एखादं जुनं काम पडद्यावर दाखवायचं. आरशाच्या उजेडातलं काम कसं टिकलंय ते बघू देत सिनेमावाल्यांना. पण इतका जुना पेशंट आणायचा कुठून? तो घरातच होता.

मी यांना विचारलं, नक्की ना? अगदी नक्की, म्हणाले. मीही लगेच हो म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी एकदा माझ्या नाकात बघावं आणि ‘हो, आहे’ म्हणावं, एवढंच मला इतकी वर्षं हवं होतं. इथे तर अख्खं सभागृह बघणार होतं, आणि तेही यांच्याच हट्टाने. नको म्हणायला मी काही खुळी नव्हते.

मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. सिनेमावाल्याने औषध फवारून नाक बधिर केलं. हे नवा सूट घालून शेजारी उभे, कॉलरला माइक. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर माझं नाक बोगद्याएवढं झालं. “आता भिंत बघा, कशी सरळसोट आहे,” असं हे म्हणाले आणि भिंतीत भोक दिसलं. चांगलं गोल, कडेला खपल्या धरलेलं. त्यातून पलीकडची नाकपुडी दिसत होती. सभागृहात कुणी हललं नाही. माझा श्वास तेवढा चालू होता, आणि यांच्या माइकने ती शिट्टी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली.

सिनेमावाला बिचारा पांढराफटक पडला. सरांची लाज राखायला त्याने दुर्बीण घाईघाईने पुढे सरकवली. मी त्याचं मनगट धरलं आणि मागे घे म्हटलं. मला माझं भोक नीट बघायचं होतं.

तेवढ्यात हे माझ्या कानाशी वाकले. आपण कुजबुजतोय असं यांना वाटत होतं. गेली काही वर्षं यांचं कुजबुजणं शेजारच्या घरात ऐकू येतं, आणि इथे तर माइक होता.

“अगं, पण शिट्टी तर कधीच थांबली ना? मला वाटलं, भरलं असेल ते.”

मला आधी काही उमजलं नाही. मग उमजलं. म्हणजे शिट्टी यांना पहिल्यापासून ऐकू येत होती. आरशात भोकही दिसत होतं, आणि हे सुंदर सुंदर म्हणत होते. वयाबरोबर बारीक, उंच आवाज सगळ्यात आधी ऐकू येईनासे होतात, हे जन्मभर पोरांना शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचे कान गेलेले कळले नाहीत. त्याला वाटलं, बायकोचं नाक बरं झालं. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं यांनी मला वेडी ठरवलं होतं हो.

मानपत्र दिलं, टाळ्याही वाजल्या, जरा बेताने. नंतर आतल्या खोलीत सिनेमावाल्याने मला समजावून सांगितलं की नाकाच्या आतलंच अस्तर सरकवून भोक बंद करता येतं, दुर्बिणीमुळे आता ते पूर्वीपेक्षा खूप बरं जमतं. हे कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. तेव्हा ते जमत नव्हतं, असं काहीतरी पुटपुटले. नवा दवाखाना होता, बाहेर कळलं असतं तर बसलाच असता. मी म्हटलं, बाहेर नव्हतं सांगायचं, मला तर सांगायचं.

“काकू, पुढच्याच आठवड्यात करून टाकू?” सिनेमावाल्याने विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “आधी यांचे कान, मग माझं नाक.”

यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण या खेपेला यांचं माझ्यापुढे काही चाललं नाही. कानांची तपासणी झाली, ऐकायचं यंत्र आलं. ते लावून घरी आलो आणि जेवायला समोरासमोर बसलो. मी पंखा बंद केला. काही बोलले नाही, नुसता श्वास घेत राहिले. यांचा घास हातातच राहिला. बराच वेळ ऐकत होते. मग हात हळूच कानातल्या यंत्राकडे जायला लागला.

“राहू द्या,” मी म्हटलं. “माझ्या ऑपरेशनला अजून महिना आहे.”