वाळवंटातला बेटाचा रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. जुन्या छत्र्या, जुन्या खुर्च्या आपली कथा सांगायला बसल्या की कशा गोड बोलतात. मला ते जमत नाही. मी ज्या घरात राहतो तिथे दोन इंजिनिअर आहेत, आणि इंजिनिअरांच्या घरी यंत्राचे काय हाल होतात ते त्या यंत्रालाच ठाऊक.

मी लाकडी पेटीतला, वायफायवर चालणारा रेडिओ. माझ्या अंगावर एकच मोठी खुंटी आहे. फिरवली की पुढे, दाबली की पक्कं. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते कृष्णा डॉक्टर, ज्यांनी मला दुकानातून उचललं आणि बोटीत मांडीवर ठेवून घरी नेलं. डॉक्टर मूळचे सांगलीचे, पण सगळं आयुष्य त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर काढलं. बेटावर माणसं कमी, मेंढ्या जास्त आणि वारा सगळ्यात जास्त.

त्या बेटाचं स्वतःचं छोटंसं रेडिओ केंद्र होतं, अजूनही आहे. गावातलीच माणसं पाळीपाळीने ते चालवतात. सोमवारी मासळी आणि लोकरीचे भाव. मंगळवारी तिथल्या जुन्या भाषेचा धडा. बुधवारी फुटबॉलवरून भांडण, गुरुवारी फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, शुक्रवारी गावसभेवरून पुन्हा भांडण. शनिवारी बक्षिसाचं कोडं. आणि रविवारी संध्याकाळी निरोप आणि गाणी. लोक एकमेकांना निरोप पाठवायचे आणि गाणं सांगायचे. चार घरं सोडून राहणारी माणसंसुद्धा एकमेकांशी रेडिओवरून बोलायची, इतकी ती लाजरी.

तेव्हा माझा मान होता बरं का. डॉक्टरांच्या पत्नी रेणूताई मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायच्या. संध्याकाळी शेजारची मोराग दार न वाजवता आत यायची, विणकाम घेऊन बसायची. रेणूताई वाटाणे सोलायच्या. दोघी तासन् तास माझं ऐकत आणि माझ्यापेक्षा जास्त बोलत. मोराग म्हणायची, असा स्वच्छ आवाज अख्ख्या बेटावर नाही. मी हे विसरलेलो नाही.

मग डॉक्टर गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मोरागला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. तिला वृद्धाश्रमात ठेवलं. रेणूताईंचा मुलगा रवी अमेरिकेतून आला आणि म्हणाला, "आई, आता इथे एकटी कशाला? चँडलरला चल." गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत त्या चँडलरला आल्या, आणि त्यांच्या शालीत गुंडाळलेला मीसुद्धा.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. चँडलर म्हणजे अ‍ॅरिझोनाचं वाळवंट. इथली वीज मला पुरत नाही, म्हणून माझ्या शेजारी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर बसवला आहे. तो दिवसभर घूं घूं करतो आणि लोकांना वाटतं तो आवाज माझाच. रवीची बायको आश्लेषा, घरातली दुसरी इंजिनिअर, स्वभावाने चांगली, पण तिने माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी ठेवली. माझ्या समोर एक बोलणारा प्लास्टिकचा डबा आहे. "पाऊस आहे का" विचारलं की तो रोज "नाही" म्हणतो, आणि सगळे त्याला थँक्यू म्हणतात.

आणि मी मात्र बाहेर ऊन रणरणत असताना ओरडत असतो की समुद्र खवळला आहे, उद्याची बोट रद्द.

"आई, बोट रद्द झाली तर आपल्याला काय फरक पडतो? आपल्याला कुठे जायचंय?" रवी कॉफी घेता घेता विचारायचा.

"तुला नाही पडत. बोट नाही म्हणजे मोरागच्या आश्रमात ताजं दूध नाही," रेणूताई सांगायच्या.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. मोराग बोलू शकत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. पण तिला ऐकू येतं. म्हणून रेणूताई दर गुरुवारी आश्लेषाच्या फोनवरून केंद्राला निरोप पाठवायच्या, आणि रविवारी निवेदक तो वाचायचा. आश्रमातली नर्स मोरागपुढे गाण्यांची नावं म्हणायची, आणि मोराग हव्या त्या नावाला टेबलावर बोट आपटायची. ते गाणं निवेदक "चँडलरच्या रेणूसाठी" म्हणून लावायचा. ते गाणं म्हणजे मोरागचं उत्तर. गाणं आलं म्हणजे मोराग आहे. रेणूताईंना आठवड्यात दुसरं काही नको होतं.

तिकडची रविवारची संध्याकाळ म्हणजे इकडे दुपारचा एक. एक वाजला की रेणूताई माझ्यासमोर खुर्ची ओढायच्या. हिवाळाभर एकदाही चूक झाली नाही.

मग मार्च आला आणि यांचं घड्याळ-पुराण सुरू झालं. मार्चच्या सुरुवातीला उरलेल्या अमेरिकेने घड्याळं तासभर पुढे केली. दुसऱ्या राज्यातल्या बेलव्ह्यूहून सुलेखाचा, रवीच्या बहिणीचा, फोन आला, झोप बिघडली म्हणून ती कुरकुरत होती. रवी कसा हसला. "आमच्या अ‍ॅरिझोनात असला वेडेपणा नाही. आई, इथे घड्याळाला हात लावायचा नाही, लक्षात ठेव." रेणूताईंनी लक्षात ठेवलं. आयुष्यभर तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं फिरवलेली बाई, तिला वाटलं, सुटले एकदाची.

पण स्कॉटलंड त्या दिवशी घड्याळ बदलत नाही, मित्रांनो. ते बदलतं मार्चच्या शेवटच्या रविवारी. आणि मी हे सांगितलं होतं! शनिवारी दिवसभर सांगत होतो. निवेदक प्रत्येक गाण्यानंतर म्हणत होता, आज रात्री घड्याळं एक तास पुढे करा. ऐकायला घरात कोण होतं? दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आदल्या दिवशी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, सगळे तिकडे. मला चालू ठेवून गेले, आणि मी भांडी धुणाऱ्या यंत्राला बातमी देत बसलो. पालथ्या घड्यावर पाणी.

पाडव्याच्या दिवशी अंगणात गुढी उभारली. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. रेणूताईंनी त्या आठवड्याच्या निरोपात मोरागला कळवलं होतं की आमचं नवं वर्ष आहे, ताटात गोड असेल आणि तू हवी होतीस. बरोबर एक वाजता ताट घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि खुंटी दाबली.

माझ्यातून प्रार्थनागीत आलं. संथ, दाटलेल्या गळ्यांचं, सगळ्या गावाने मिळून म्हटलेलं. निरोपांचा कार्यक्रम तासभर आधीच सुरू होऊन नुकताच संपला होता आणि त्याच्यानंतर रोजच्यासारखी प्रार्थना लागली होती. पण आमच्या केंद्राची एक पद्धत आहे. बेटावर कोणी गेलं की त्या रविवारी निरोपांचा कार्यक्रम प्रार्थनागीताने सुरू होतो.

रेणूताईंचा हात ताटावर तसाच थांबला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, थोडं थांबा, हे संपलं की निवेदक बोलेल. पण रेडिओला हवं ते बोलता आलं असतं तर जगातले निम्मे घोटाळे झालेच नसते. त्यांनी खुंटी दाबून मला बंद केलं.

"काय झालं? नाही लागलं?" रवीने विचारलं.

"नाही लागलं," त्या म्हणाल्या.

"मग आश्रमात फोन लावून देऊ का?"

"नको. रविवार आहे, कशाला त्यांना त्रास." आणि पुरीचा घास न घेताच त्या उठल्या. फोन केला की कोणीतरी स्पष्ट सांगणार, आणि त्यांना ते ऐकायचं नव्हतं. नुसत्या शंकेवर माणूस दिवस काढू शकतो, असं त्यांना वाटत असावं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

आता इंजिनिअरसाहेब. आईचा चेहरा उतरलेला पाहून रवीला वाटलं, रेडिओ बिघडला. त्याने मला दोन थपडा मारल्या. मग माझ्या पोटाखाली टाचणी खुपसून मला रीसेट केलं. माझ्या आठवणीतली सगळी केंद्रं गेली, वायफाय गेलं, भाषासुद्धा जर्मन झाली. "डेड आहे यार हा, आपण नवीन घेऊ," असं म्हणून त्याने मला दानाच्या पिशवीत टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. पिशवी गॅरेजच्या दाराशी ठेवली होती. आत माझ्यासोबत जुने बूट आणि मूठ तुटलेला कुकर होता. तिथून स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं, एवढंच माझं नशीब.

तो आठवडा फार वाईट गेला. रेणूताई वेळेवर उठत होत्या, पोळ्या करत होत्या, विचारलं की "बरी आहे" म्हणत होत्या. पण गुरुवारी आश्लेषा फोन घेऊन आली, "आई, निरोप?" तर म्हणाल्या, "या आठवड्यात नको." आश्लेषाची मीटिंग सुरू होणार होती. ती "ओके" म्हणून गेली. घरात माणसं तीन, आणि कोणीच कोणाला का म्हणून विचारत नव्हतं. पिशवीतला कुकरसुद्धा वैतागला असेल.

पुढच्या रविवारी सकाळी आश्लेषाने पोहे केले होते. ती रवीला चिडवत होती. "सांग ना आईंना तुझा पराक्रम."

"काही नाही गं. शुक्रवारी आयर्लंडच्या टीमबरोबर मीटिंग होती. मी जॉइन केलं तर सगळे गेलेले. एक तास लेट. त्यांनी म्हणे घड्याळं बदलली, मला कोणी सांगितलंच नाही."

एक चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"कधी बदलली?" रेणूताईंनी विचारलं.

"गेल्या रविवारी. पाडव्याला. का?"

"अरे, त्याच दिवशी आमच्याकडेही बदलतात." त्या म्हणाल्या. "म्हणजे मी लावलं तेव्हा कार्यक्रम संपलेला होता. मी तासभर उशिरा बसले. रवी, ती प्रार्थना रोजचीच होती. मला वाटलं, मोराग गेली."

"आणि तू आठवडाभर हे मनात घेऊन फिरतेस? मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का?"

रवी सरळ गॅरेजकडे धावला.

मग एकच धावपळ. आज कार्यक्रम बाराला होता. मला पिशवीतून काढलं, पुसलं, ट्रान्सफॉर्मर जोडला. आणि आता वायफायचा पासवर्ड. मित्रांनो, माझ्याकडे कीबोर्ड नाही, एकच खुंटी आहे. एकेक अक्षर फिरवत शोधायचं. आणि या शहाण्याने पासवर्ड ठेवला होता तो असा की त्यात लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, टिंबं, डॉलरची खूण, सगळं. रवी खुंटी फिरवायचा, अक्षर यायचं, हा पुढे निघून जायचा, पुन्हा मागे. शेवटी दाबलं, तर माझ्या तोंडावर जर्मनमध्ये आलं, चूक. पुन्हा पहिल्यापासून. बारा वाजायला आले. रेणूताई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"रवी, सरक बाजूला," आश्लेषा म्हणाली. तिने आपल्या फोनवर केंद्राचं नाव टाकलं, आणि तिच्या हातातून बेटावरचा निवेदक बोलू लागला.

खोटं कशाला सांगू? तो आवाज माझ्यातून आला नाही. इतकी वर्षं सेवा केली, आणि ऐन वेळी मी नुसता चकचकत बसलो होतो. वाईट वाटलं. पण कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थनागीत नव्हतं, आणि तेवढ्यापुरतं मला माझं दुःख विसरायला झालं.

निवेदकाने दोन-चार निरोप वाचले. मग म्हणाला, "चँडलरची रेणू ऐकत असेल तर बरं होईल. गेल्या आठवड्यात मोरागने तिच्या नव्या वर्षासाठी गाणं लावलं होतं. त्यानंतर रेणूकडून काही आलं नाही. मोरागची नर्स सांगते, या आठवड्यात तिने नावं वाचून पाहिली, सगळी. मोरागने एकाही नावाला बोट आपटलं नाही. दोन दिवस ती जेवलीही नाही."

रेणूताई खाली बसल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तिला वाटलं, मी गेले."

"आई, सांगा, मी टाइप करते. लगेच पाठवते," आश्लेषा म्हणाली.

"लिही, मी आहे. घड्याळ चुकलं. मला वाटलं तू गेलीस, म्हणून मी रडत बसले आणि निरोप नाही पाठवला. मूर्खपणा झाला. आता जेव." मग त्यांनी डोळे पुसले. "आणि लिही, मुलगा इंजिनिअर आहे म्हणून हे झालं."

निवेदकाने ते सगळं वाचलं, मुलासकट. रवीने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. एक गाणं झालं, दुसरं झालं. मग निवेदक हसत हसत म्हणाला, "आश्रमातून फोन आला होता. मोरागने बोट नाही, अख्खा हात टेबलावर आपटला. चहा सांडला. गाणं कुठलंही लावा म्हणते, पण मोठ्याने."

त्याने मोठ्याने लावलं. रेणूताई रडत होत्या आणि उरलेले गार पोहे खात होत्या.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची नीट निगा राखा, थपडा मारू नका, टाचण्या खुपसू नका, हे तर झालंच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. ज्याच्या निरोपाची तुम्हाला सवय आहे, त्याचा निरोप एखाद्या दिवशी आला नाही, तर चटकन विचारा. वाईट ऐकावं लागेल म्हणून गप्प बसू नका. तुम्ही इकडे गप्प बसता, तेव्हा तिकडेही कोणीतरी तुमच्या नावाने उपाशी बसलेलं असतं.