आबांच्या टेबलावरचा फोन

मी आबांच्या टेबलावरचा फोन बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. दुकानात येऊन वर्ष झालं तरी मला तोंड उघडायची वेळच आली नव्हती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथे प्रत्येकाची घंटा एकदा वाजवून बघतात आणि खोक्यात झोपवतात. माझी घंटा चांगली खणखणीत निघाली होती. शिवाय मी पडलो इंटरनेटवर चालणारा फोन. आम्ही चार भावंडं एकाच नंबरवर नांदू शकतो, याचा मला भारी तोरा होता.

मला आणलं ते आजारी माणसांच्या वस्तू भाड्याने देणाऱ्या दुकानात. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, डोकं वर करता येणाऱ्या खाटा. दुकान आबांनी काढलेलं, आता मुलगा चालवतो. आबांच्या टेबलावरचा जुना काळा फोन उचलून माळ्यावर टाकला आणि मी त्याच्या जागी बसलो, आयत्या बिळावर नागोबा.

बसवणारा माणूस एका खाटेवर मांडी घालून लॅपटॉप बडवत होता. त्याने मुलाला विचारलं, "फोन आला की आधी कुठे वाजवू?"

"काउंटरवर. तिथे बायको असते. तिने नाही उचलला तर गोदामात, मग माझ्या मोबाईलवर."

"आणि आबांचा?"

आबा तेव्हा माझ्या काचेवरचा प्लास्टिकचा कागद नखाने सोलत होते. मुलाने आवाज खाली आणला. "शेवटी टाक. त्यांना कमी ऐकू येतं हल्ली. मागे पत्ता चुकला, खाट भलत्याच घरी गेली आणि पेशंट दुपारपर्यंत जमिनीवर. पण हे त्यांना कळू देऊ नकोस."

झालं. प्रत्येकाकडे चार-चार घंटा. आधीच्या तिघांनी नाही उचलला तर माझी पाळी. आता मला सांगा, आजाऱ्याच्या घरचं माणूस बारा घंटा कशाला थांबेल?

आबांना वाटलं, आपल्याला स्वतंत्र फोन मिळाला. रोज नऊला यायचे, मला फडक्याने पुसायचे, रिसीव्हर उचलून कानाला लावायचे. आवाज आला की समाधानाने ठेवायचे. वहीत तारीख घालून पान तयार ठेवायचे. पुढे काउंटरवर वाजलेली घंटा त्यांच्या कानापर्यंत पोचायची नाही; मग दिवसभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो.

आबांचं फोनवरचं बोलणं मी कधी ऐकलं नाही, पण गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं. घाबरलेलं माणूस असलं की म्हणायचे, "आधी तुम्ही बसा बघू. पाणी प्या. आता सांगा, दार किती रुंद आहे? पट्टी नसली तर वीत लावून मोजा, मी थांबतो." मोजून होईपर्यंत समोरच्याचं रडं थांबलेलं असायचं.

पहिले काही आठवडे त्यांनी सुनेची चेष्टा केली. "काय गं, गावातले सगळे बरे झाले की काय?" ती हसायची आणि दुसरीकडे बघायची.

संध्याकाळी कुलूप लावताना मुलगा न चुकता विचारायचा, "काय आबा, आज किती फोन?"

"आले की. दोन-तीन आले."

"वा!" मुलगा म्हणायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर माझ्यापुढे रोज शून्य दिसायचं. बापाला वाटायचं, पोराला काळजी नको. पोराला वाटायचं, बापाचा मान राहू दे. दोघं एकमेकांना सांभाळत होते आणि मी मधल्यामध्ये मुका.

एके दिवशी एक बाई खुर्ची परत करायला आल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. आबांना बघून त्या दारातच थबकल्या. "अगं बाई, तुम्ही आहात होय? मी पाच वेळा फोन केला. दर वेळी सूनबाईंनी उचलला. बोलल्या हो चांगलं, पण तुमच्यासारखं दाराचं काही विचारलं नाही त्यांनी. खुर्ची न्हाणीघरात जाईचना. शेवटपर्यंत ह्यांना आम्ही उचलूनच नेलं."

"पाच वेळा?" आबांनी विचारलं.

"पाच वेळा."

त्यांनी बाईंना बसवलं, पाणी दिलं, खुर्ची स्वतः आत नेऊन ठेवली. मग माझ्यापाशी येऊन बसले. त्या दिवशी वहीचं पान त्यांनी मिटून टाकलं.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "किती फोन आबा?"

"एकही नाही. वर्षभरात एकही नाही."

मुलाने हातातलं कुलूप खाली ठेवलं. "आबा, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रासच हवा होता रे मला," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. ते मुलावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"उद्या बदलतो, आबा. नक्की."

दुसऱ्या दिवशी बसवणारा माणूस बाहेरगावी होता. तिसऱ्या दिवशी चार खाटा पोचवायच्या होत्या. मग आणखी काहीतरी निघालं. आबा रोज येत होते, मला पुसत होते, पण रिसीव्हर उचलत नव्हते. नवव्या दिवशी ते आले नाहीत. झोपेतच गेले म्हणे.

दुकान उघडल्यावर मुलाने पहिलं काम काय केलं असेल, तर कॉम्प्युटरसमोर बसून क्रम बदलला. कोणाला विचारावं लागलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं ते. आता प्रत्येक फोन आधी माझ्याकडे येतो. मी दिवसभर वाजतो, आणि समोरची खुर्ची रिकामी असते.

सून म्हणते, "अहो, लोक ताटकळतात. पूर्वीसारखं करा ना."

"करतो," तो म्हणतो. मी वाजत असताना तो हातातलं काम थांबवून उभा राहतो, पण मला उचलत नाही.

तुमच्या घरी कोणाला खाट-खुर्ची न लागो. पण लागलीच, आणि इथे फोन लावलात, तर पहिल्या चार घंटा कोणी उचलणार नाही. रागावून ठेवू नका, एवढंच मागणं आहे. पाचव्या घंटेला सूनबाई उचलतील. पहिल्या चार आबांच्या आहेत.